आधी वाफ्याची रुंदी ठरवा
परसबाग आखताना लांबीआधी वाफ्याची रुंदी ठरवा. दोन्ही बाजूंनी हात पोहोचत असेल तर ४ फूट, भिंतीलगत असेल तर २ फूटच. त्याहून रुंद वाफ्यात मधलं तण काढायला आत पाय ठेवावाच लागतो. मग माती दबते, मुळांना हवा मिळत नाही आणि पाणी वरच साचतं. वाटा दीड फुटाच्या चालतील, पण हातगाडीसाठी एक तरी ३ फुटांची हवीच. तिथे जागा वाचवू नका.

टोमॅटो, वांगी, मिरचीला रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं. त्यांच्यावर सावली पडू नये म्हणून वेलांचे मांडव दुपारचं ऊन येतं त्याच्या विरुद्ध कडेला घ्या. कोथिंबीर, पुदिना स्वयंपाकघराच्या दाराजवळ. पुदिना मात्र कुंडीतच, नाहीतर सगळा वाफा व्यापतो.