पोलेंटा दाट झाला म्हणजे शिजला असं नाही! घरी करताना या चुका टाळा

पाणी, मीठ आणि मक्याचा रवा. एवढ्या तीन जिनसांचा पोलेंटा हा इटालियन पदार्थ बिघडतो तरी कसा, असं वाटू शकतं. पण घरी पोलेंटा करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: किरकिरीत लागला, कच्चट वास आला, काही चवच नाही, वड्या तव्यावर फुटल्या. तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट असते. आपण त्याला उपम्याचा हिशोब लावतो.

गव्हाचा रवा उकळत्या पाण्यात पडला की पाच-सात मिनिटांत फुलतो, एक वाफ आणली की काम झालं. मक्याचा रवाही पाचव्या मिनिटाला दाट होतो, बुडबुडे यायला लागतात, डावाला जड लागतो. हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो. पण तो दाटपणा रव्यातल्या बारीक पिठाचा असतो. मक्याचा स्टार्च साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसला फुलतो आणि बारीक पीठ त्या तापमानाला लगेच पोहोचतं. जाड कणी मात्र काचेसारखी टणक असते, तिच्या पोटापर्यंत पाणी जायला वेळ लागतो. उत्तर इटलीत ‘ब्रामाता’ म्हणजे भरड दळलेल्या पिठाचा पोलेंटा 40 ते 45 मिनिटं शिजवतात. लोम्बार्डीतल्या वाल्तेल्लिना खोऱ्यात कुट्टूचं पीठ मिसळून ‘तारान्या’ करतात, तो तर तासभर चुलीवर असतो.

तेव्हा घड्याळापेक्षा जिभेवर विश्वास ठेवा. अर्ध्या तासानंतर चमचाभर काढून फुंकून खा. कणी दाताखाली टचकन लागली तर अजून वेळ आहे. शिजलेल्या पोलेंट्याला दाणेदारपणा असतो, पण दाणा जिभेनं टाळूवर दाबला की विरघळतो. कच्च्या पिठाचा वास जाऊन उकडलेल्या कणसाचा गोडसर वास येतो. कडेने तो भांडं सोडायला लागतो.

दुकानातच होणारी चूक

आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून मिळते ती पांढरी, रेशमासारखी पूड म्हणजे नुसता स्टार्च. मांचुरियन दाट करायला ती ठीक, तिचा पोलेंटा होत नाही, खळ होते. मक्याच्या रोटीचं पीठ वापरलं तर पदार्थ होतो, पण लापशीसारखा गिळगिळीत. आपल्याला हवा तो मका रवा किंवा मक्याचा बारीक दलिया, चिमटीत धरला की टोचणारा.

‘इन्स्टंट’ लिहिलेला पोलेंटा आधीच वाफेवर शिजवून वाळवलेला असतो, म्हणून पाच मिनिटांत होतो. घाईच्या दिवशी तो चालतो, तळायच्या वड्यांसाठीही वाईट नाही. चव मात्र फिकी असते, हे मान्य करून घ्या. आणि पाकीट नीट न वाचता त्याला 40 मिनिटं शिजवत बसलात तर तळाला लागण्यापलीकडे काही मिळणार नाही.

कोंड्या-अंकुरासकट दळलेला रवा चवीला सरस, पण अंकुरात तेल असतं आणि ते खवट होतं. आपल्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात तो बाहेर डब्यात ठेवू नका, फ्रीजमध्ये ठेवा. करायला घेण्यापूर्वी एकदा हुंगा. शिजल्यावर कडवट लागला तर दोष तुमच्या हाताचा नसतो.

पाणी कमी, मीठ शेवटी

वजनाने मोजायचं तर लिटरभर पाण्याला 250 ग्रॅम रवा घेतला की पाटावर ओतून कापता येईल असा घट्ट पोलेंटा होतो. ताटात पसरणारा मऊ हवा असेल तर 180 ते 200 ग्रॅम. वाटीने मोजणाऱ्यांनी एकास चार ते एकास पाच धरावं. पहिल्यांदा हे प्रमाण पाहून ‘एवढं पाणी?’ असं वाटतं आणि लोक एकास दोनवर थांबतात. मग दहा मिनिटांत गोळा होतो, ढवळता येत नाही, पुढची अर्धा तास शिजवण्याची बाबच संपते. शेजारी किटलीत उकळतं पाणी ठेवा. घट्ट झाला तर अर्धी-अर्धी वाटी घालत जा. गार पाणी ओतलं तर शिजणं मध्येच थांबतं.

मीठ पाण्यातच घालायचं, लिटरला दीड चहाचा चमचा. दाट झाल्यावर वरून घातलेलं मीठ कणीच्या आत शिरत नाही. वरवर खारट आणि आतून अळणी असा तो विचित्र प्रकार तिथूनच येतो.

दूध घालायची हौस असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत घाला, सुरुवातीपासून घातलं की तळाला करपतं. टोमॅटो, लिंबू यांसारखं आंबटही शिजताना नको. आंबटपणामुळे कणी मऊ व्हायला जास्त वेळ लागतो. उलट चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर ती लवकर मऊ होते. चिमूटभरच हं. जास्त झाला तर साबणासारखी चव येते आणि ती कोणत्याही चीजने झाकली जात नाही.

गुठळ्या

खळखळ उकळणाऱ्या पाण्यात वाटीभर रवा एकदम ओतला की गोळ्याचं बाहेरचं आवरण क्षणात फुलतं आणि आतलं पीठ कोरडं अडकून पडतं. इटलीत एका हाताने मुठीतून पावसासारखी बारीक धार सोडतात आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहतात. ते जमत नसेल तर सरळ गार पाण्यात रवा कालवा आणि मग गॅस लावा. जुन्या वळणाची माणसं नाक मुरडतील, पण शिजून ताटात आल्यावर फरक ओळखून दाखवा म्हणावं. रात्रभर त्याच पाण्यात भिजत ठेवलात तर आणखी चांगलं, शिजायचा वेळ बराच कमी होतो.

तरी गुठळ्या झाल्याच, तर पातळ असतानाच तारेच्या व्हिस्कने कडेवर दाबून फोडा. मिक्सरमध्ये फिरवू नका, चिकट होतो.

ढवळायचं किती?

तांब्याची कढई, हातात लांब दांडा आणि पाऊण तास न थांबता गोल फिरणारा हात, हे पोलेंट्याचं चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते चुलीच्या जाळासाठी ठीक होतं. गॅस बारीक करता येतो, तेव्हा एवढी शिक्षा नको. पहिली पाच-सात मिनिटं मात्र जागचे हलू नका, ढवळत राहा, कारण रवा तळाला बसतो तो याच वेळात. मिश्रण दाटून कण तरंगते राहिले की आच अगदी मंद करा, झाकण तिरकं ठेवा आणि चार-पाच मिनिटांनी एकदा तळापासून खरवडून ढवळा.

भांडं खोल आणि जाड बुडाचं घ्या. दाट पोलेंटा उकळताना फटाफट उडतो आणि उडालेला थेंब कातडीला चिकटून बसतो, पाण्यासारखा ओघळून जात नाही. लांब दांड्याचा लाकडी चमचा हवाच, आणि मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

करपल्याचा वास आला तर खरवडू नका. वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा आणि तिथे पुढे शिजवा. तळाला नुसती खरपूस पापडी धरली असेल तर घाबरायचं कारण नाही, उत्तर इटलीत ती सोलून आवडीने खातात. राहिलेल्या भांड्यात पाणी ओतून रात्रभर ठेवलं की सकाळी थर आपसूक सुटतो.

कुकरची आठवण होणारच. नुसत्या कुकरमध्ये रवा आणि पाणी घालून शिट्ट्या काढू नका. तळाला लागतो, वर उसळून शिट्टीचं भोकही बुजू शकतं. आधी गॅसवर दाटसर करा, मग डब्यात काढून, झाकण ठेवून, कुकरमध्ये खाली पाणी घालून ठेवा. शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर पंधरा-वीस मिनिटं. उघडल्यावर गरम पाण्याचा हबका मारून घोटा.

चीज आणि वरचं कालवण

चीज गॅस बंद केल्यावर. उकळत्या पोलेंट्यात घातलं की त्याचं तूप सुटतं आणि दोऱ्या होतात. प्रोसेस्ड चीजच्या चौकोनी वड्या मला इथे अजिबात पटत नाहीत, नुसता खारट चिकटपणा येतो. मुरलेलं चेडर किसून घाला, आणि लोणी सढळ हाताने. उत्तर इटलीतल्या वालदाओस्तामध्ये फोंतिना नावाचं चीज घालतात, वाल्तेल्लिनात कासेरा. कडक शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं की अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेट या पाचकरसाने विरजतात. पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहूनच घ्या.

नुसता पोलेंटा अळणी लागतो ही तक्रार खरी आहे, पण ती पोलेंट्याची चूक नव्हे. तो कशाच्या तरी खाली पसरायचा असतो. मशरूम-लसणाचं परतलेलं कालवण, तासन्तास शिजलेला मांसाचा रागू म्हणजे दाट सॉस, वितळलेलं गोर्गोन्झोला चीज. व्हेनेतोत पांढऱ्या मक्याचा मऊ पोलेंटा करून त्यावर चिमुकली कोळंबी घालतात, विचेंझात दुधात शिजवलेला वाळवलेला मासा. गरिबीत हे ‘वरचं’ परवडत नव्हतं, तेव्हा लोम्बार्डी-व्हेनेतोतली शेतमजूर कुटुंबं वर्षानुवर्षं जवळजवळ नुसत्या पोलेंट्यावर राहिली आणि त्यांना पेलाग्रा हा कुपोषणाचा रोग जडला. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की शरीराला ते मिळत नाही. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून ते मोकळं करतात, ती रीत मक्याबरोबर युरोपात पोचलीच नाही. 1771 मध्ये मिलानच्या फ्रांचेस्को फ्रापोल्ली या डॉक्टरांनी त्या रोगाला हे नाव दिलं. म्हणून सोबत दूध, चीज, मासे, मांस किंवा कडधान्य असू द्या.

कालवण दाटसर हवं. पातळ रस्सा ओतला तर खाली तळं होतं, सुकी भाजी टाकली तर घास फिरतो. मशरूम मोठ्या आचेवर, गर्दी न करता परता, नाहीतर पाणी सुटून तेच तळं.

वड्या का फुटतात

तळायच्या वड्यांसाठी पोलेंटा पूर्ण शिजलेला आणि घट्ट प्रमाणाचाच हवा. लोणी-दूध भरपूर घातलेला मऊ पोलेंटा फ्रीजमध्ये कितीही ठेवला तरी तव्यावर पसरतो. गॅसवरून उतरवला की लगेच तेल लावलेल्या ताटात दीड-दोन सेंटीमीटर जाड ओता. पाच मिनिटं फोनवर गेलात तर तो भांड्यातच धरतो, मग थापून बसवलेल्या वडीत भेगा राहतात. फ्रीजमध्ये निदान दोन-तीन तास, शेवटचा तासभर झाकण न ठेवता, म्हणजे वरचा ओलावा सुकतो.

कापल्यावर कापडाने टिपून घ्या. ओली वडी गरम तेलात पडली की तडतडते, चिकटते, तुटते. तवा चांगला तापू द्या, तेलात कंजुषी नको, आणि वडी टाकल्यावर चार-पाच मिनिटं तिला हात लावू नका. खाली कवच धरलं की ती स्वतःहून सुटते. उलथनं घालून उचलायची घाई केली तर कवच तव्याला आणि मऊ गर उलथन्याला.

उरलेला मऊ पोलेंटा दगडासारखा झाला तर टाकून देऊ नका. तुकडे करा, गरम पाणी किंवा दूध घालून मंद आचेवर व्हिस्कने फोडत राहा, दहा मिनिटांत पुन्हा मऊ होतो. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला राहतो. मीठ मात्र पुन्हा चाखून पाहा.