नळ नसलेल्या घरात नळ बंद कसा करायचा?

जून आला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "ताई, मलाही शिक्षकांना पर्यावरणाचं प्रशिक्षण द्यायचंय, सुरुवात कुठून करू?" परिसर अभ्यास, अध्ययन निष्पत्ती, टाचण, इको क्लब ही सगळी शाळेतली भाषा तुम्हाला येते असं धरून चालते. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगून झालंय, त्यामुळे ते का शिकवायचं यावर अर्धा तास घालवू नका. समोरच्या शिक्षकांनी ते भाषण पाठ होईपर्यंत ऐकलेलं असतं, आणि त्यांच्या डोक्यात बीएलओची, म्हणजे मतदार यादीची, कामं आणि 4.40 ची लोकल असते.

मी अकरा वर्षं मराठी माध्यमात विज्ञान शिकवलं आणि मग एका छोट्या संस्थेतून प्रशिक्षणात आले. वर्ग माझ्या ओळखीचा होता. तरी सपाटून आपटले.

पूर्व उपनगरातली शाळा, 42 शिक्षक. मी 'माझ्या घरचं पाणी' नावाचा तक्ता वाटला. दात घासताना नळ किती मिनिटं चालू असतो, आंघोळ शॉवरने की बादलीने, फ्लशची टाकी केवढी. दादरच्या माझ्या जुन्या वर्गात हा तक्ता फार गाजला होता. कौतुकाने लॅमिनेट करून नेला होता, आता आठवलं की लाज वाटते. तिसऱ्या बाकावरच्या, गोवंडीत शिकवणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "मॅडम, माझ्या वर्गात 48 पोरं आहेत. घरात नळ असलेली चार-पाच निघतील. बाकीच्यांनी काय भरायचं?" मी म्हटलं, मग शाळेतल्या नळाचं भरा. "तो दहाला जातो." हॉल हसला, मीही हसले आणि पुढच्या स्लाइडवर गेले.

फसले ते इथे, आणि तेव्हा मला ते कळलंही नाही. त्या बाई प्रामाणिक. सांगितलं तसं त्यांनी वर्गात करून घेतलं आणि दोन आठवड्यांनी गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. सगळे तक्ते भरलेले, सुवाच्य. शॉवर, 10 मिनिटं. फ्लश, दोनदा. 'आम्ही दात घासताना नळ न विसरता बंद करतो.' ज्या घरात नळच नाही, त्या घरातला नळ पोरांनी बंद केला होता! बाईंना काय आवडेल हे मुलांनी बरोबर ओळखलं आणि तेच लिहून दिलं. पर्यावरणाच्या तासाला माझ्या तक्त्याने त्यांना गोड खोटं बोलायला शिकवलं होतं.

हे पुन्हा सांगते, कारण ऐकणारे दर वेळी "हो, गरीब वस्तीसाठी वेगळा तक्ता हवा" एवढंच घेऊन जातात. नाही! वस्ती बदलल्याने चूक सुधारत नाही. माझ्या तक्त्यात उत्तर आधी ठरलं होतं आणि प्रश्न मागाहून चिकटवला होता. दादरच्या मुलांनीही तेच केलं असणार. त्यांच्या घरी नळ होता, म्हणून त्यांचं खोटं मला दिसलं नाही इतकंच. प्लास्टिक, फटाके, कचरा, कुठलाही विषय घ्या. 'चांगलं मूल काय लिहील' हे तक्ता वाचूनच कळत असेल तर तो फाडा.

त्या गठ्ठ्यात एकाच मुलीने सगळ्या ओळी कोऱ्या ठेवून खाली लिहिलं होतं: 'कॅन 2, हंडे 4, मी आणि आई.' माझं पुढचं सगळं प्रशिक्षण त्या ओळीवर उभं आहे.

आता मी स्लाइड नेत नाही. पंधरा लिटरचा हंडा आणि वजनकाटा नेते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे विज्ञानाच्या प्रत्येक शिक्षकाला पाठ असतं. पण भरलेला हंडा दोन जिने चढवून आणा म्हटलं की हॉलमधलं बोलणं बदलतं. मग फळ्यावर गणित. भुयारी गटारं असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर पाण्याचा निकष आहे. पाच माणसांचं घर, 675 लिटर, म्हणजे 45 हंडे. त्या मुलीच्या घरी किती? उत्तर तुम्ही सांगायचं नाही. तोंड आवरणं हे या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य, आणि मला अजून ते नीट जमत नाही.

एकदा या गणितानंतर नकाशा लावला. मुंबईचं पाणी सात जलाशयांतून येतं, त्यातले तुळशी आणि विहार तेवढे शहरात, आणि जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसाचं. मागून एक सर उठले. "माझं गाव शहापूर तालुक्यात, भातसाच्या बाजूला. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतो." पुढचा पाऊण तास मला बोलावं लागलं नाही.

शॉर्टकटबद्दल विचाराल तर स्टेशनरीच्या दुकानात जलसुरक्षा या शालेय विषयाचे तयार प्रकल्प मिळतात, आणि तीन दिवसांत 'पर्यावरण प्रशिक्षक' करणारी प्रमाणपत्रंही मिळतात. माझ्या लेखी दोन्हींची किंमत एकच. गुरू शोधायचा तर मंचावर शोधू नका. माझ्या गुरू म्हणजे एक निवृत्त बीट ऑफिसर, शाळा तपासणाऱ्या अधिकारी बाई. त्या शेवटच्या बाकावर बसायच्या आणि मी सलग दहा मिनिटं बोलले की मनगटावरच्या घड्याळावर टकटक करायच्या. वाईट वाटायचं, रडलेही आहे एकदा बसस्टॉपवर.

झाडांची नावं येत नाहीत म्हणून मात्र घाबरू नका. मला तिवरांच्या जाती आजही धड ओळखता येत नाहीत. ठाणे खाडीवर नेलं की कुणीतरी कोळीवाड्यातली मुलगीच चिखलातून वर आलेली श्वसनमुळं दाखवून सगळं सांगते. तेही आधी परवानगीचं पत्र आणि बस जमली तर. पहिल्या वर्षी जमणार नाही, शाळेच्या गच्चीवरच्या टाकीपासून सुरू करा.

वजनकाटा विकत घेऊ नका. शाळेजवळच्या भंगारवाल्याकडे मागा, हंडा टांगता येईल असा ताणकाटा त्याच्याकडे असतो. सकाळीच जा, दुपारी गिऱ्हाईक वाढलं की तो देत नाही.