धडधड कागदावर कशी पकडायची

धडधडीची तक्रार घेऊन आलेला माणूस तपासणीच्या टेबलावर आडवा होईपर्यंत बहुतेक वेळा धडधड थांबलेली असते. साधा ईसीजी दहा सेकंदांचा. तेवढ्यात हृदय शहाण्यासारखं वागलं की रिपोर्ट नॉर्मल येतो आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य ऐकून परत जावं लागतं. होल्टर, म्हणजे दिवसभर अंगावर बाळगायचं ईसीजीचं छोटं यंत्र, लावणं आणि त्याचं रेकॉर्डिंग वाचणं हे माझं रोजचं काम. निदान आणि उपचार डॉक्टर ठरवतात, पण धडधड चालू असतानाचा ईसीजी त्यांना मिळाला तर निम्मा गुंता तिथेच सुटतो. तो मिळवणं बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे.

आधी ज्यात थांबायचंच नाही ते सांगते. धडधडीसोबत शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, किंवा पळताना-खेळताना चक्कर येऊन पडलात, तर मोजमाप करत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. जवळच्या नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर ते विचारायची वाट न पाहता स्वतःहून सांगा.

एरवी धडधडीचा झटका आला की नाडी बघा. दोन बोटं मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. स्वतःच्या अंगठ्याने मोजू नका, त्यालाही ठोका असतो. पूर्ण एक मिनिट मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण 60 ते 100 असते. पण आकड्यापेक्षा मला ताल हवा असतो, म्हणून मी पेशंटला टेबलावर बोटाने वाजवून दाखवायला सांगते. एखादा ठोका चुकून पुढचा जोरात आपटला, तर तो बहुधा एक्टोपिक, म्हणजे वेळेआधी पडलेला जादा ठोका. हृदय धडधाकट असेल तर सहसा निरुपद्रवी. बटण दाबावं तसं एकदम सुरू, 150 च्या वर, अगदी एकसारखं आणि एकदम बंद, तर एसव्हीटीची, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून एकदम सुरू होणाऱ्या वेगवान तालाची शंका येते. कशाचा कशाला मेळ नाही असं वाजवलं, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, डोक्यात येतं; त्यात हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरतात. हे निदान नव्हे, पण पुढची तपासणी कुठल्या दिशेने न्यायची ते यातून कळतं.

ईसीजी काढणारं घड्याळ असेल तर झटका चालू असताना हात टेकवून, न बोलता 30 सेकंदांचा ट्रेस घ्या आणि फाइल सेव्ह करा. घड्याळाने फक्त ‘ठोके अनियमित’ असा इशारा दिला असेल तर तेवढ्यावर निदान होत नाही, ट्रेस लागतोच.

यंत्र कुठलं लावायचं हे त्रास किती वेळा होतो त्यावर ठरतं. रोज होत असेल तर 24 किंवा 48 तासांचा होल्टर पुरतो. आठवड्यातून एखाद्या वेळी होत असेल तर छातीवर चिकटवायचा, 14 दिवसांपर्यंत चालणारा पॅच. काही महिन्यांतून एकदा माणूस बेशुद्ध पडत असेल तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर. तो दोन-तीन वर्षंही लक्ष ठेवतो. महिन्यातून एकदा होणाऱ्या त्रासासाठी एक दिवसाचा होल्टर लावून ‘काहीच सापडलं नाही’ म्हणणं मला पटत नाही.

होल्टरच्या दिवशी छातीला तेल किंवा लोशन लावून येऊ नका, इलेक्ट्रोड निसटतात आणि कागदावर नुसता गोंधळ उमटतो. सांगितल्याशिवाय गोळ्या बंद करू नका. आणि कृपा करून दिवसभर झोपून राहू नका! जिन्याने त्रास होतो ना, मग जिना चढा. सोबत दिलेल्या डायरीत ‘संध्याकाळी बरं वाटलं नाही’ लिहिलंत तर माझ्या हाती काही लागत नाही. ‘7:42, जिना चढताना, एकदम सुरू, 5 मिनिटं, एकदम बंद’ असं लिहिलंत की मी थेट 7:42 वर जाते. तिथे ताल नॉर्मल दिसला तरी ते उत्तरच आहे: त्या वेळच्या धडधडीमागे तालाचा बिघाड नव्हता. जोडीला थायरॉइड, हिमोग्लोबिन, पोटॅशियम आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही लागते, कारण मूळ कारण कधीकधी तिथेच सापडतं.

एसव्हीटी ठरली असेल तर झटका मोडायची एक युक्ती डॉक्टरांकडून शिकून घ्या. अर्धवट बसून, 10 मिलीच्या रिकाम्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने 15 सेकंद फुंकायचं, लगेच पाठीवर सपाट व्हायचं आणि दुसऱ्या कुणी पाय 45 अंशांत 15 सेकंद वर धरायचे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने सुमारे 43 टक्के लोकांचा ताल जागेवर आला, नेहमीच्या बसून जोर लावण्याने 17 टक्क्यांचा. मानेची नस मात्र स्वतः चोळू नका. सिरिंजच्या युक्तीने जमलं नाही तर दवाखान्यात ॲडेनोसिनचं इंजेक्शन देतात. ते शिरेत गेलं की छाती आवळल्यासारखी होते, ‘आता संपलं’ असं वाटतं. ईसीजीच्या पट्टीवर क्षणभर जवळजवळ सरळ रेघ धावते आणि मग एकेक नीट ठोका उमटू लागतो. काही सेकंदांचाच खेळ, पण आधी सांगितलेलं नसलं तर माणूस हादरतो. कायमचा उपाय हवा असेल तर जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, हृदयात नेऊन ॲब्लेशन करतात, म्हणजे बिघाड करणारी जागा निकामी करतात. नेहमीच्या एसव्हीटीत ते दहातल्या नऊहून अधिक जणांना लागू पडतं.

एएफची गोष्ट वेगळी. त्यात पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, कारण वरच्या कप्प्यात रक्त साकळून गुठळी होऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही हे वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात यांवर ठरतं; धडधड किती जाणवते यावर नाही. त्यामुळे बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर सोडू नका. शॉक देऊन ताल जागेवर आणायचा असेल आणि एएफ 48 तासांहून जुनं असेल, तर आधी किमान तीन आठवडे ही गोळी घ्यावी लागते, किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही ना हे पाहतात. नंतरही किमान चार आठवडे ती चालू राहते. एएफच्या ॲब्लेशननंतर पहिले दोन-तीन महिने अधूनमधून धडधड होऊ शकते. तेवढ्यावरून ॲब्लेशन फसलं असं धरत नाहीत, पण डॉक्टरांना कळवा.

झटक्याच्या वेळचा ईसीजी मिळाला की लगेच मोबाइलवर त्याचा फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. ईसीजीचा कागद बहुधा थर्मल असतो, काही वर्षांत त्यावरच्या रेघा पुसट होतात, आणि ॲब्लेशन करणारे डॉक्टर पहिल्यांदा तोच मागतात.