आधी फोन बघा, मग टॅग घ्या

पाचोऱ्याच्या आमच्या दुकानात कुणी टॅग, म्हणजे किल्लीला किंवा बॅगेला लावून ती फोनवर शोधायचं छोटं ब्लूटूथ यंत्र, मागितला की मी म्हणतो, भाऊ, आधी खिशातला फोन काउंटरवर ठेवा. परवा एक अप्पा आले. भाच्याने पुण्याहून पाठवलेला अॅपलचा एअरटॅग एका हातात, रेडमी दुसऱ्या हातात. "हाऊ मना फोनमा काब्र चालत नही?" चालणारच नाही, अप्पा. एअरटॅग जोडायला आयफोन किंवा आयपॅडच लागतो. सॅमसंगचा स्मार्टटॅग फक्त गॅलॅक्सीला जोडतो. बाकी अँड्रॉइडवाल्यांनी गूगलच्या 'फाइंड हब' या हरवलेलं शोधायच्या अॅपवर चालणारा घ्यावा, जसा मोटो टॅग किंवा जिओटॅग गो. चिपोलो पॉप दोन्हीकडे चालतो, पण एका वेळी एकाच नेटवर्कवर.

यात सिम नसतं, जीपीएसही नसतं. जवळून जाणारे दुसऱ्यांचे फोन त्याचा पत्ता कळवतात. म्हणून जळगावच्या स्टँडवर हरवलेली बॅग पटकन दिसते आणि रावेरच्या केळीच्या बागेत उभी केलेली मोटरसायकल दिसत नाही. त्यात गूगलची मूळ सेटिंग वर्दळीच्या जागेसाठीच आहे: एकाच टॅगला अनेक फोनांनी पाहिल्याशिवाय ठिकाण मिळत नाही. खेड्यात राहत असाल तर फाइंड हबच्या सेटिंगमध्ये 'फाइंड युअर ऑफलाइन डिव्हायसेस' उघडून 'विथ नेटवर्क इन ऑल एरियाज' निवडा. घरातल्या सगळ्यांच्या फोनवर करा, शेजाऱ्यांनाही सांगा. एकट्याने करून फारसा उपयोग नाही.

आता उलट बाजू. कुणी तुमच्या मागे टॅग लावला तर? इथे मात्र कंपनीची भिंत नाही. मे २०२४ पासून अॅपल आणि गूगलने एकच पद्धत स्वीकारली आहे. आयफोनला आयओएस १७.५, अँड्रॉइडला ६ किंवा पुढचं व्हर्जन पुरतं. अनोळखी टॅग तुमच्याबरोबर फिरत राहिला की फोनवर सूचना येते. ब्लूटूथ आणि लोकेशन मात्र चालू हवं. बॅटरी वाचवायला ते बंद ठेवायची आपल्याकडे भारी सवय. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वर 'ट्रॅकर' असं इंग्रजीत शोधा, 'अननोन ट्रॅकर अलर्ट्स' चालू करा. तिथेच हाताने स्कॅनही करता येतं.

सूचना आली म्हणून लगेच घाबरू नका. मेहुण्याची गाडी घेऊन शिरपूरला निघालात आणि किल्लीला त्याचा टॅग असेल, तरी ती येते. तसं काही नसेल तर 'प्ले साउंड' दाबा. मालकाला ते कळत नाही. सीटखाली, नंबर प्लेटच्या मागे, बॅगेच्या अस्तरात चाचपा. एअरटॅग सापडला तर त्याची पांढरी बाजू एनएफसी (टेकवून माहिती वाचायची सोय) असलेल्या फोनला टेकवा: सीरियल नंबर दिसतो, कधी मालकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडेही. एनएफसी नसेल तर झाकण दाबून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा, नंबर बॅटरीखाली छापलेला असतो.

पण बॅटरी काढण्याआधी सूचनेत दिसणाऱ्या नकाशाचा स्क्रीनशॉट आणि टॅग जिथे होता त्या जागेचा फोटो घ्या. बॅटरी निघाली की समोरच्याला नवीन ठिकाण दिसणं थांबतं, म्हणजे त्याला संशय येऊ शकतो. भीती वाटत असेल तर तडक घरी जाऊ नका, ११२ लावा किंवा जवळचं पोलीस ठाणं गाठा. टॅग त्यांच्याच हातात द्या. सीरियल नंबरवरून खातं कुणाचं, हे त्यांना कायदेशीर मार्गाने कंपनीकडून मागवता येतं.

सिम टाकलेला जीपीएस ट्रॅकर या स्कॅनमध्ये येत नाही. गाडीवर तसा संशय असेल तर ओळखीच्या मेकॅनिककडून वायरिंग उघडून बघून घ्या.