लॅपटॉप परत करण्याआधी

एचआरने मीटिंग रूममध्ये बोलावून 'आजचा शेवटचा दिवस' सांगितलं, तेव्हा डोकं सुन्न झालं. त्या दिवशी अंधेरीला उतरायचं विसरून मी थेट बोरिवलीला पोचलो. पण खरा घोळ त्याआधीच झाला होता: कंपनीचं सिम निमूटपणे देऊन आलो, आणि पीएफचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) त्याच मोबाइल नंबरला जोडलेला! ओटीपी येणार तो एचआरच्या ड्रॉवरमधल्या फोनवर. म्हणून सिम सोडण्याआधी यूएएनला स्वतःचा नंबर लावा. पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला) आपल्या मेलवर घ्या. कंपनीच्या बाकी फायलींना हात नको.

सलग ५ वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम, मागा. हिशोब असा: शेवटचा महिन्याचा पगार (मुख्यतः बेसिक अधिक डीए, म्हणजे महागाई भत्ता), भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं.

ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे कंपनीने काढलेला आरोग्य विमा, बहुतेक वेळा नोकरीबरोबरच जातो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदली मागता येते, आधीचा प्रतीक्षाकाळही (जुन्या आजारांना कव्हर मिळायच्या आधी थांबावा लागणारा काळ) धरला जातो. घरात बीपी-शुगरवाले आईबाबा असतील तर हे सगळ्यात आधी. कव्हर संपायच्या आतच अर्ज करा.

आणि घरी त्याच रात्री सांगा. डबा घेऊन रोज ८.१२ ची लोकल पकडायचं नाटक मी चार दिवस केलं, पाचव्या दिवशी बायकोनेच विचारलं.