भारतीय पासपोर्टवर स्लावच्या काउन्सिलला मत कसं द्यायचं, आणि निकाल कसा वाचायचा

इथे, इंग्लंडमध्ये लंडनच्या पश्चिमेला असलेल्या स्लाव (Slough) शहरात आल्यावर पहिली सहा वर्षं मी काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीत मत दिलं नाही. देता येतं हेच माहीत नव्हतं. वर्क व्हिसावर आलेल्यांचा निवडणुकीशी काय संबंध, असं आमच्या ओळखीतले सगळेच धरून चालायचे. मग २०२३ च्या मार्चमध्ये काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे घरामागे भरायच्या स्थानिक कराचं, पत्र आलं: वाढ ९.९९ टक्के. जुलै २०२१ मध्ये स्लाव काउन्सिलने कलम ११४ ची नोटीस काढली होती, म्हणजे खर्चाचा मेळ बसत नाही अशी कबुली. त्यामुळे एवढ्या वाढीला सरकारने खास परवानगी दिली होती. मी ते पत्र घेऊन दारात उभी होते, तेव्हा शेजारच्या पंजाबी काकूंनी विचारलं, "४ मेला मत देणार ना?" मी म्हटलं, आमचा पासपोर्ट भारतीय आहे. त्या म्हणाल्या, "मग काय झालं?"

खरंच काही होत नाही. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. तुम्ही अठरा वर्षांचे असाल आणि कायदेशीर व्हिसावर इथे राहत असाल, तर तुम्ही मतदार होऊ शकता. काउन्सिलचेच नाही, पार्लमेंटचेसुद्धा. पासपोर्ट बदलायची वाट बघत बसू नका.

आधी मतदार यादीत नाव घाला. गव्ह डॉट यूके या सरकारी साइटवर फॉर्म आहे, एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबर हाताशी ठेवा, पाच मिनिटांत होतं. मतदानाआधी कामाचे बारा दिवस शिल्लक असतात तिथे मुदत संपते. त्या वर्षी ती १७ एप्रिलला संपली. घर बदललं की नव्या पत्त्यावर पुन्हा नोंदणी करावी लागते. आपल्यातले बरेच जण दर दोन वर्षांनी भाड्याचं घर बदलतात आणि नेमकं हेच विसरतात.

आता ओळखपत्र. इंग्लंडातल्या काउन्सिल निवडणुकांत फोटो असलेलं ओळखपत्र २०२३ च्या मेपासून सक्तीचं झालं. भारतीय पासपोर्ट चालतो. मुदत संपलेला असला तरी चालतो, फोटोतला चेहरा तुमचा वाटला म्हणजे झालं. आधार, भारतातलं ड्रायव्हिंग लायसन्स, ऑफिसचं कार्ड, मोबाइलमधला फोटो यातलं काहीही चालत नाही. माझा नवरा ऑफिसचं कार्ड गळ्यात घालून गेला आणि त्याला परत पाठवलं. तो घरी येऊन पासपोर्ट घेऊन पुन्हा गेला. केंद्र सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडं असतं म्हणून निभावलं.

बायकांनी एक गोष्ट नीट बघावी. पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि यादीत सासरचं, किंवा उलट, असं असेल तर लग्नाचा दाखला बरोबर न्या. चालण्याजोगं कुठलंच ओळखपत्र नसेल तर काउन्सिलकडून मतदारासाठीचं फुकट प्रमाणपत्र मिळतं, पण त्याचा अर्ज मतदानाच्या आठवडाभर आधीच करावा लागतो. मतदानाआधी घरी येणारं पोलिंग कार्ड घरी राहिलं तर काळजी नको.

मेमध्ये घरातलं लग्न म्हणून भारतात जाणार असाल तर पोस्टाच्या भरवशावर राहू नका. मतपत्रिका तिकडे पोचून वेळेत परत येईल याची खात्री नसते. विश्वासातल्या माणसाला प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या वतीने मत देणारा, करा. मतदानाआधी कामाचे सहा दिवस उरले असताना संध्याकाळी पाचपर्यंत अर्ज पोचला पाहिजे. तुमच्या वतीने जाणाऱ्या माणसाने स्वतःचं ओळखपत्र न्यायचं, तुमचं नाही.

आत गेल्यावर मशीन नाही, शाई नाही, नोटाही नाही. लाकडी आडोशात दोरीला बांधलेली पेन्सिल असते. स्वतःचं पेन वापरलं तरी चालतं. त्या वर्षी स्लावमध्ये नव्या सीमा आखून एकवीस वॉर्ड केले होते आणि प्रत्येकातून दोन नगरसेवक निवडायचे होते. पुण्यामुंबईच्या महापालिकांशी याचा घोळ घालू नका. पुण्याच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा वेगळ्या असतात आणि दर जागेला एक मत. इथे सगळे उमेदवार एकाच कागदावर असतात आणि तुम्हाला दोन फुल्या मारता येतात. एकच मारली तरी मत धरतात. तीन मारल्या तर कागद बाद. नावं आडनावाच्या वर्णक्रमाने लावलेली असतात, त्यामुळे एकाच पक्षाचे दोघे बहुतेक वेळा शेजारी नसतात. एक वर सापडतो, दुसरा पार खाली. गुलाब लेबरचा, झाड कंझर्व्हेटिव्हचं, पक्षी लिब डेमचा, म्हणजे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचा. तरी घरून दोन्ही नावं पाठ करून जा. कागदावर सही किंवा नाव लिहू नका, तेवढ्यानेही मत बाद होऊ शकतं.

निकाल वाचताना एकूण जागा आणि निम्म्याहून एक जास्त, हे दोन आकडे पक्के धरा. स्लावच्या जागा ४२, म्हणजे बहुमताला २२ हव्यात. कित्येक वर्षं काउन्सिल लेबरकडे होती. त्या मेमध्ये आकडे आले: कंझर्व्हेटिव्ह २१, लेबर १८, लिब डेम ३. कंझर्व्हेटिव्हना बरोबर निम्म्या जागा, बहुमताला एक कमी. लेबरची सत्ता गेली, पण बहुमत कुणालाच मिळालं नाही. याला इथे 'नो ओव्हरऑल कंट्रोल' म्हणतात. आपल्याकडे त्रिशंकू म्हणतात तेच. खरा फैसला मग काउन्सिलच्या वार्षिक सभेत होतो. ती मे महिन्यातच भरते आणि तिथे नगरसेवक लीडर निवडतात. कंझर्व्हेटिव्हचे डेक्स्टर स्मिथ लिब डेमच्या पाठिंब्यावर लीडर झाले. मेयर मानाचा असतो, सत्ता लीडर आणि त्याच्या कॅबिनेटकडे. म्हणून कोण मेयर झालं यापेक्षा कोण लीडर झालं ते बघा. निकालानंतरही आकडे हलू शकतात, कारण इथे पक्षांतरबंदी नाही. नगरसेवकाने पक्ष सोडला तरी त्याची जागा त्याच्याकडेच राहते.

सत्ता बदलली म्हणून टॅक्स लगेच उतरत नाही. पुढच्या वर्षाचा दर फेब्रुवारी-मार्चच्या बजेट सभेत ठरतो. शिवाय स्लावमध्ये काउन्सिलच्या कारभारावर लक्ष ठेवायला सरकारने नेमलेले कमिशनर २०२१ च्या अखेरीपासूनच बसलेले होते. लीडर बदलला तरी ते तिथेच राहिले. पण कचऱ्याचे डबे कधी उचलायचे, लायब्ररी किती तास उघडी ठेवायची, पार्किंगचे पैसे किती घ्यायचे, असे प्रश्न या ४२ जणांच्या हातातले असतात. मुलांच्या शाळेचा प्रवेश, घरच्या म्हाताऱ्या माणसाला लागणारी मदत याही गोष्टी काउन्सिलकडेच येतात. वेक्सम पार्क हॉस्पिटलच्या रांगेची तक्रार मात्र त्यांच्याकडे नेऊ नका, ते खातं एनएचएसचं, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचं.

पत्रक घेऊन दारात आलेल्या उमेदवाराला यातलं काहीतरी नेमकं विचारा. मी लायब्ररीबद्दल विचारलं. एकाने वहीत लिहून घेतलं, दुसऱ्याने विषय बदलला. माझ्या दोन फुल्यांपैकी एक त्या वहीवाल्याला गेली.

आणि तुमच्याकडे इथलं कायमचं वास्तव्य, म्हणजे आयएलआर असेल, तर उभंसुद्धा राहता येतं. वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात, अनामत रक्कम लागत नाही.