नाण्याला नाव देण्याची घाई नको

गोव्यातील एका संग्रहालयात नाण्यांच्या नोंदींचे काम करू लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात जुन्या पाकिटातून निघालेल्या एका करड्या, मऊ धातूच्या नाण्याने मला चकवले. त्याच्या एका बाजूस आरे असलेले चक्र होते आणि दुसऱ्या बाजूस वर टोकाशी जुळलेल्या दोन तिरप्या रेघा. ब्राह्मीतील ‘ग’ नेमका असाच दिसतो, शिवाय सातवाहनांची शिशाची नाणी नुकतीच अभ्यासलेली. त्यामुळे कार्डावर पेन्सिलीने ‘सातवाहन’ लिहून मी मोकळी झाले.

दोन दिवसांनी दिवे मालवून, टॉर्च नाण्याच्या पातळीला आडवा धरून पाहिले, तेव्हा त्या रेघांना जोडणारी बारीक आडवी रेघ उमटली आणि तिच्या डावीकडे ढालीची कडही दिसू लागली. ते रोमन ‘ए’ हे अक्षर होते. ढालीपलीकडे ‘जी’चा अर्धा वळसा शिल्लक होता. ही दोन्ही अक्षरे गोव्याच्या टांकसाळीची, आणि चक्र संत कॅथरीनचे, जिच्या फेस्ताच्या, म्हणजे सणाच्या दिवशी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने गोवा जिंकला होता. नाणे बझारूक, म्हणजे पोर्तुगीजांचे कमी किमतीचे नाणे होते. माझी चूक सुमारे दीड हजार वर्षांची होती.

म्हणून नवख्यांना माझे आग्रहाचे सांगणे असे, की वजन, व्यास, जाडी आणि कड यांची नोंद आधी करावी, चारही दिशांनी तिरका प्रकाश टाकून दिसेल तेवढेच कागदावर रेखाटावे, आणि नाव सर्वांत शेवटी लिहावे. रेखाटन टाळू नका. डोळ्यांनी ओलांडलेली जागा हाताला अडते. गोव्याच्या कदंब राजांची सुवर्णनाणी सिंह आणि सप्तकोटीश्वर या दैवताच्या नावामुळे तुलनेने लवकर ओळखू येतात. शिवराईचे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याचे, मात्र तसे नाही: ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपती’ ही अक्षरे एकाच नाण्यावर क्वचितच पूर्ण मिळतात, आणि चार-पाच नाणी शेजारी मांडूनच लेख जुळवावा लागतो.

चिंच किंवा लिंबू लावून नाणे उजळवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर ते वेगळे, कोरड्या डबीत ठेवून संवर्धकाला दाखवावे. शिशाची नाणी लाकडी खणात ठेवू नयेत, कारण लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ती पांढरी पडून भुगा होतात.

जुनी पाकिटेही टाकू नयेत. त्या बझारूकाच्या पाकिटाच्या आतल्या घडीवर फिकट शाईत ‘दिवाडी’ असे मांडवी नदीतल्या बेटाचे नाव लिहिलेले होते, आणि नाणे कुठले याचा तेवढाच पुरावा आमच्याकडे आहे.